चोळू नका
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



समितीने डिसेंबरमध्ये मालवण-तारकर्लीची सहल जाहीर केली आणि व्हॉट्सॲपवर एका रात्रीत बेचाळीस नावं आली. त्यातल्या तीस जणांनी नावापुढे ‘स्कूबा’ असं लिहिलंय. त्यातल्या निम्म्यांना पोहता येत नाही, हे मला माहीत आहे, कारण आपण सगळे सोलापूरचे. आपल्याला पाणी म्हणजे सिद्धेश्वर तळं, कंबर तलाव, फार झालं तर हिप्परगा आणि उजनीचं बॅकवॉटर. आणि उन्हाळ्यात नळाला पाणी येणार तो दिवस. समुद्र आपण सिनेमात बघितला. म्हणून समितीने मला सांगितलं, ‘तू डायव्हिंग करतेस, वीस मिनिटं बोल.’ मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, डॉक्टर नाही. जे बोलणार आहे ते शिकलेलं, वाचलेलं आणि एकदा फार वाईट चुकलेलं आहे.

चूक आधी सांगते. ती जिच्या बाबतीत झाली ती इथेच तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिची परवानगी मागितली तेव्हा म्हणाली, ‘सांग, पण पूर्ण सांग. पाण्याच्या बाटलीसकट सांग.’

फेब्रुवारी २०१९. आपल्या वर्गातल्या आम्ही सहा जणी अंदमानला गेलो होतो, हॅवलॉकला. आदल्याच डिसेंबरमध्ये त्या बेटाचं नाव स्वराज द्वीप झालं होतं, पण जेटीवर सगळे हॅवलॉकच म्हणत होते. माझे तोवर तीसेक डाइव्ह झालेले, त्यामुळे मी स्वतःला फार शहाणी समजत होते. दुसऱ्या दिवशीचा डाइव्ह सुंदर झाला. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, शरीरातला जास्तीचा नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून. आम्ही तिथे दोरीला धरून थांबलो होतो. खाली बघत होतो, मासे बघत होतो. वर कुणीच बघत नव्हतं. आणि जेलीफिश असतात त्या बहुतेकदा वरच्याच पाण्यात.

हिच्या उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत आणि मानेला काहीतरी चाटून गेलं. तिने वेटसूट अर्ध्या बाह्यांचा घातला होता, कारण भाड्याने तोच मिळाला. तिने मास्कमधून माझ्याकडे बघितलं, ते डोळे मी विसरणार नाही. आणि पुढच्या क्षणी तिने वर झेप घेतली.

इथे मी एक गोष्ट बरोबर केली. तिच्या जॅकेटचा पट्टा धरला आणि तिला खाली ओढून ठेवलं. का, ते नीट ऐका, कारण दंशाने माणूस मरण्याची शक्यता आपल्याकडे कमी, दंशाने घाबरून मरण्याची जास्त. आठवा आपला नववीचा बॉइलचा नियम. दहा मीटर खाली दाब दुप्पट असतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. पाच मीटरवरून दीडपट. श्वास रोखून भसकन वर आलात तर ती हवा फुप्फुस फाडून बाहेर जाते, आणि त्यासाठी दहा मीटरही लागत नाहीत, दीड-दोन मीटर पुरतात. काहीही डसलं, चावलं, टोचलं तरी पाण्याखाली पहिलं काम एकच. श्वास चालू ठेवायचा. ओरडलात तरी चालेल, ओरडताना हवा बाहेरच जाते. आम्ही श्वास मोजत वर आलो.

मग बोटीवर मी दोन गोष्टी चुकीच्या केल्या. तिच्या हातावर लाल रेघा उमटल्या होत्या, उलथन्याचा चटका बसल्यासारख्या. मी प्यायच्या पाण्याची बाटली उघडली आणि तिच्या हातावर ओतली. ती किंचाळली. मला वाटलं आग होतेय म्हणून किंचाळतेय, म्हणून मी टॉवेल घेतला आणि चोळलं. आमच्या डाइव्हलीडरने धावत येऊन माझा हात धरला तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. प्रथमोपचाराच्या पेटीत विनेगर नव्हतं. किनारा चाळीस मिनिटांवर होता. त्या चाळीस मिनिटांबद्दल तिने सांगायचं की मी, हे आमचं अजून ठरलेलं नाही.

मी असं का केलं, याचा विचार मी नंतर खूप केला. उत्तर सोलापुरातच सापडलं. अक्कलकोटकडच्या आमच्या गावी आजोबांना विंचू चावला होता, मी सात-आठ वर्षांची असेन. कुणी कांदा चोळला, कुणी चुना, कुणी कसला पाला. विंचू उतरवणारा एक म्हातारा आला, त्याने मंत्र म्हणत खांद्यापासून बोटापर्यंत हात घासला. रात्रभर कुणी ना कुणी काहीतरी चोळत होतं. आजोबा वाचले, आणि श्रेय ज्याने शेवटी चोळलं त्याला मिळालं. तुमच्यातल्या खेड्यावरच्या कुणाच्याही घरी हेच झालं असेल. डसलं की चोळायचं, हे आपल्या हातात बसलंय.

विंचवाचं खरं उत्तर शोधलं ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, हृदय आणि फुप्फुसं कोलमडून मरत होती. त्यांनी प्रत्येक रुग्णाच्या शेजारी बसून बघितलं की विष शरीरात नेमकं काय करतंय, आणि रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे साधं औषध त्यावर वापरलं. ते काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यात आवडतं ते हे की त्यांनी आधी यंत्रणा समजून घेतली, मग हात लावला. मी बोटीवर नेमकं उलटं केलं.

तर जेलीफिशची यंत्रणा सांगते. तिच्या लोंबणाऱ्या धाग्यांवर हजारो सूक्ष्म दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक कुपी, कुपीत गुंडाळून ठेवलेली पोकळ सुई, आणि आत प्रचंड दाब. कातडीचा स्पर्श झाला की कुपी फुटते आणि सुई आत घुसते. हायड्रा हा जेलीफिशचा गोड्या पाण्यातला नातेवाईक, त्याच्या कुपीचं शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं तेव्हा सुई सुटायला सुमारे ७०० नॅनोसेकंद लागतात असं दिसलं. मी ज्या सिस्टिम्सवर काम करते तिथे मिलिसेकंद वाचवला तरी टाळ्या मिळतात.

महत्त्वाचं असं की पहिल्या स्पर्शात सगळ्या कुप्या फुटत नाहीत. बऱ्याच तशाच कातडीला चिकटून राहतात, लवंगी माळेतल्या न उडालेल्या फटाक्यांसारख्या. जेलीफिशचा मेंदू लागत नाही, कारण तिला मेंदूच नाही. वाळूत मरून पडलेली जेलीफिशही डसते, तुटलेला धागाही डसतो. त्यांच्यावर गोडं पाणी ओतलं की खारटपणा एकदम बदलतो आणि उरलेले फटाके उडतात. टॉवेलने चोळलं की दाबाने उडतात. म्हणजे समुद्राने तिला एकदा डसलं आणि वर्गमैत्रिणीने दोनदा. खूण दोन महिने होती.

काय करायला हवं होतं? पाण्यातून बाहेर काढायचं. हात लावायचा नाही, वाळू लावायची नाही. समुद्राच्याच पाण्याने हलकेच धुवायचं. उरलेले धागे चिमट्याने किंवा हातमोजे घालून उचलायचे. बॉक्स जेलीफिश म्हणून जी चौकोनी घंटेसारखी जात आहे, आणि जी खरोखर जीवघेणी असू शकते, तिच्यावर विनेगर किमान अर्धा मिनिट ओतायचं. हो, तेच, सात रस्त्यावर चायनीजच्या गाडीवर असतं ते. विनेगरने दुखणं थांबत नाही, न फुटलेल्या कुप्या थंड होतात एवढंच. निळी बाटली, म्हणजे ब्लूबॉटल, हिच्याबाबत विनेगरवर तज्ज्ञांचे दोन पक्ष आहेत. तिथे समुद्राचं पाणी आणि नंतर गरम पाणी एवढं धरून चाला. ब्लूबॉटल ही खरं तर जेलीफिश नाहीच, ती एक अख्खी वसाहत असते, पण डसलेल्या माणसाला हा भेद समजावत बसू नका. पावसाळ्यात वारा तिला किनाऱ्यावर लोटतो. ऑगस्ट २०१८ मध्ये जुहूला लोकांनी ते निळे फुगे हौसेने हातात घेतले आणि मग बोंबलले. गोव्यात नोव्हेंबर २०२० मध्ये दोन दिवसांत नव्वदहून अधिक माणसांवर किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांना जेलीफिशचे उपचार करावे लागले.

आणि लघवीचं विचारू नका. शेवटच्या बाकावरून प्रश्न येणारच आहे म्हणून आधीच सांगते. नाही. सिनेमावाल्यांनी पसरवलेलं आहे, उपयोग नाही, उलट कुप्या फुटू शकतात.

आता दुसरा प्रकार, आणि मालवणला पाण्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या सगळ्यांसाठी, म्हणजे डाइव्ह न करणाऱ्यांसाठीसुद्धा. पाकट. इंग्रजीत स्टिंग रे. पराठ्यासारखा चपटा मासा, उथळ पाण्यात वाळूत स्वतःला पुरून बसतो. शेपटीवर करवतीसारखा दातेरी काटा आणि त्याला विष. तो आपल्यावर हल्ला करत नाही. आपण त्याच्या पाठीवर पाय देतो, तो शेपूट उगारतो, काटा घोट्यात.

महाराष्ट्राला हा मासा कळला तो १० सप्टेंबर २०१३ ला. गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन चाललं होतं. लोक मूर्ती घेऊन अनवाणी पाण्यात शिरत होते आणि एकामागून एक लंगडत, ओरडत बाहेर येत होते. पन्नासहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. आधी सगळे जेलीफिश म्हणत होते, मग पाकट असल्याचं कळलं. विचार करा, हातात बाप्पा, गर्दी, संध्याकाळ, पायाखालचं दिसत नाही. त्यानंतर मुंबई महापालिका विसर्जनाच्या वेळी पाकट आणि जेलीफिशबद्दल सूचना देते, गमबूट घाला म्हणते, मुलांना पाण्यात नेऊ नका म्हणते. त्या सूचनेतली एक ओळ लक्षात ठेवण्यासारखी आहे: पाकटाच्या दंशाने आग होते, जेलीफिशच्या दंशाने खाज सुटते. ढोबळ आहे, हिच्या हाताला विचाराल तर ती जेलीफिशचीही आगच म्हणेल, पण रांगेत शंभर माणसं उभी असताना उपयोगी पडते.

पाकट टाळायचा उपाय आपल्या आयांना आवडणार नाही. ‘पाय घासत चालू नकोस’ म्हणून ज्यांनी ज्यांनी मार खाल्ला असेल त्यांनी उथळ पाण्यात पाय घासतच चाला. वाळू हलली की पाकट निघून जातो. पाऊल उचलून टाकलं की त्याच्या पाठीवर पडतं.

लागलाच तर? इथे सोलापूरकरांची सोय आहे. औषध म्हणजे मे महिन्यातला आपला पारा. पंचेचाळीस अंश. जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायची, पंचेचाळीसच्या वर नाही, तीस ते नव्वद मिनिटं. माशांच्या विषातली बरीच प्रथिनं उष्णतेने बिघडतात, शिवाय उष्णतेने वेदनेचा निरोपही दबतो असं आता मानतात. पाणी थंड होत जातं, म्हणून बदलत राहायचं. पण एक भयंकर चूक होते. माणूस वेदनेत असतो, तो पाय बधिर झालेला असतो, तो म्हणतो अजून गरम ओता, आणि पाय भाजतो. म्हणून पाणी त्याच्या चांगल्या पायाने किंवा आपल्या कोपराने तपासायचं, बाळाला न्हाऊ घालताना बघतो तसं. हेच गरम पाणी लायनफिशला चालतं, स्टोनफिशला चालतं, शिंगाळ्याच्या काट्याला चालतं. शिंगाळा तर बाजारात टोपलीतही असतो, कोकणातल्या मासे विकणाऱ्या मावशांना विचारा, मेलेल्या शिंगाळ्याचा काटाही त्या जपून धरतात. नंतर धनुर्वाताचं इंजेक्शन आणि डॉक्टर हे आहेच, कारण काट्याचा तुकडा आत राहिला तर जखम पिकते.

काटा पायात असेल तर ही गोष्ट. छातीत, पोटात किंवा मानेत घुसला असेल तर गरम पाणी वगैरे नंतर, आणि काटा उपटायचा नाही. तो बूच असतो. तसाच ठेवून रुग्णालय गाठायचं. ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह आयर्विन, मगरींवाले, ४ सप्टेंबर २००६ ला पाकटाचा काटा छातीत लागूनच गेले. अशा घटना फार विरळ आहेत.

आता खुद्द डाइव्हकडे येते. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जे करतात ते नवख्यांसाठी असतं. आठ-दहा मीटरच्या आतबाहेर, प्रशिक्षक पाठीमागून तुम्हाला धरूनच असतो. पोहता येत नसलं तरी चालतं. तो सगळा भाग मालवण सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून. म्हणजे आपण पाहुणे. आणि पाहुण्याने घरातल्या वस्तूंना हात लावायचा नसतो. खाली ज्या-ज्या गोष्टी डसतात त्यातल्या जवळजवळ सगळ्या आपण हात लावला, गुडघा टेकवला, फिनने लाथ मारली म्हणून डसतात. खडकावर काळे काटेरी चेंडू दिसतील, ते समुद्री साळू. काटा ठिसूळ, कातडीत मोडतो आणि सुईने उकरायला गेलात तर अजून मोडतो. ‘फायर कोरल’ नावाचं एक पिवळट प्रकरण आहे, दिसतं प्रवाळासारखं, पण आहे जेलीफिशच्याच गोतावळ्यातलं. कातडीला घासलं की निखारा. सुंदर नक्षीचा शंख दिसला तर उचलू नका, कोनशंखाच्या काही जाती विषारी भाला मारतात. आणि समुद्रसाप. तो स्वभावाने गरीब असतो, पण चावला तर दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो, काही तासांनी स्नायू दुखायला लागतात, लघवी काळपट होते. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषापासून केलेली असते, समुद्रसाप त्यात नाही. त्यामुळे थेट मोठं रुग्णालय.

प्रशिक्षक तुमचा हात पाण्याखाली छातीवर बांधायला सांगेल. फोटो चांगला येत नाही म्हणून कुरकुर करू नका. पूर्ण बाह्यांचा सूट मागा, नसेल तर लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला, पातळ कापडसुद्धा बऱ्याच दंशपेशींना अडवतं. वर येताना वर बघा. आणि बोटीत चढायच्या आधी विचारा, ‘पेटीत विनेगर आहे का? गरम पाणी कुठे मिळेल?’ नुसत्या प्रश्नाने समोरचा सावध होतो. मी अंदमानात विचारलं नव्हतं.

दंशानंतर चेहरा किंवा जीभ सुजली, श्वास लागला, छातीत धडधड, चक्कर, उलट्या, अंगभर पित्त उठलं, किंवा दंश डोळ्याला लागला, तर कुठलाही घरगुती उपाय करत बसायचं नाही. गाडीत घाला आणि निघा. ज्यांना मधमाशी चावून पूर्वी असं झालंय त्यांनी तर आधीच सांगून ठेवा. बॉक्स जेलीफिशवरचं प्रतिविष ऑस्ट्रेलियात बनतं, तालुक्याच्या दवाखान्यात ते मिळेल या आशेवर राहू नका. आपल्याकडे उपचार म्हणजे श्वास आणि हृदय सांभाळणं, आणि ते डॉक्टरच करू शकतात.

सहलीची पेटी मी भरतेय. विनेगरच्या दोन बाटल्या, चिमटा, हातमोजे, दोन मोठे थर्मास, आणि बाळाच्या अंघोळीचा थर्मामीटर, जो माझ्या मुलीचा आहे आणि ती आता अकरावीत आहे. हॉटेलवाल्याला मी फोन करून विचारलं, गिझर चोवीस तास चालू असतो का. तो म्हणाला, ‘मॅडम, डिसेंबर आहे, पण कोकणात थंडी नसते, तुम्ही काळजी करू नका.’ मी म्हटलं, थंडीसाठी नाही.

तिसऱ्या रांगेतली व्यक्ती २०१९ नंतर पाण्यात उतरलेली नाही. काल रात्री तिने यादीत नाव घातलंय, पुढे ‘स्कूबा’ लिहिलेलं नाही, ‘बोटीवर बसेन’ असं लिहिलंय. तिची अट आहे की बोटीवर पेटी तिच्या मांडीवर राहील आणि मी तिला हात लावायचा नाही. मी मान्य केलंय.

ज्यांना दमा, ॲलर्जी, हृदयाचा त्रास किंवा कानाचं जुनं दुखणं आहे त्यांनी जेवणाआधी माझ्याकडे नाव द्या, लाजू नका, आपल्याला आता कुणी उठाबशा काढायला लावत नाही. समितीवाले खूण करतायत की भाकऱ्या आल्यात. प्रश्न असतील तर रांगेत विचारा.